राखाडी ड्रेसची पाठ

नऊ वर्षांत मुलीने एकदाही आईकडे पाठ केली नव्हती. ऐकायला हे छान वाटतं, पण ते तसं नव्हतं. मुलगी महिन्यातून एकदा, रविवारी, भेटायला यायची. आली की भिंतीला टेकून बसायची. कप उचलून ओट्यावर ठेवायचा असला तरी तोंड आईकडे ठेवून हात मागे लांबवायची, आणि निघताना बोलत बोलत एकेक पाऊल मागे टाकत दारापर्यंत जायची. शेजारीण म्हणायची, काय गुणाची पोर आहे, आईवरून नजर हटत नाही. आई विषय बदलायची. खरं कारण तिला माहीत होतं. तिच्याच तोंडातून गेलेलं एक वाक्य होतं ते, आणि ते परत कसं घ्यावं हे तिला नऊ वर्षांत सुचलं नव्हतं.

कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानात, मागच्या खिडकीशी तिचं मशीन होतं. पँटची चेन बदल, बाही आखूड कर, कंबर सैल कर, असली कामं. मालकापासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे तिला चेनवाली म्हणत. गिऱ्हाइकाने विचारलं, "उद्या नक्की मिळेल ना?" तर मालक म्हणायचा, "ती तासाभरात देईल हो, पण मग तुम्हाला काम सोपं होतं असं वाटेल. उद्याच या."

शेजारी एक पार्लर होतं. तिथे बायकांना चाळायला फॅशनची मासिकं यायची. शिळी झाली की पार्लरवाली ती खिडकीतून आत टाकायची. "घे, तुझ्या बायका आल्या."

चेनवालीकडे दोन कात्र्या होत्या. कापडाच्या कात्रीने कागद कापला की धार जाते, म्हणून मासिकांसाठी एक जुनी, गंजकी, वेगळी. जाहिराती ती सोडून द्यायची, लेखही वाचायची नाही. तिला हवी असायची ती मधली आठ-दहा पानं, जिथे शब्द नसतात, एकच बाई पानामागून पान वेगवेगळ्या कपड्यांत कुठेतरी निघालेली असते. ती पानं कापून ती जाड वहीत चिकटवायची. मुलगी लहान असताना तिच्या गोष्टीच्या पुस्तकांची जागा या वह्यांनीच घेतली होती.

"ही कुठं चाललीय?" आई विचारायची.

"हिला उशीर झालाय. म्हणून बूट हातात घेतलेत."

"आणि ही?"

"हिचं भांडण झालंय. पण कपडे चांगले घालून मग भांडलीय."

"हसत का नाही गं कुणी यांच्यातली?"

मुलगी नीट निरखून बघायची. "हसली तर बटण तुटेल."

दोघी पोट धरून हसायच्या. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती.

त्या वहीतलं पहिलं पान त्याच्याही आधीचं. नवरा दुसरं घर करून राहायला गेला त्या वर्षीचं. त्या पानावर एक बाई एका मोठ्या रिकाम्या दालनात उभी होती. अंगात घोट्यापर्यंतचा राखाडी ड्रेस, हात नुसते सोडलेले, नजर समोर. ती कुणाची वाट बघत नव्हती. कुणी 'सरका जरा' म्हटलं असतं तर सरकली नसती. चेनवालीने ते पान आरशाला टेकवून ठेवलं आणि आठवडाभर येता-जाता त्या बाईसारखं उभं राहून पाहिलं. खांदे मागे, हनुवटी सरळ. मग तशीच चालत जाऊन लॉन्ड्रीच्या मालकाला म्हणाली, "तुमच्या मागच्या खिडकीत मशीन मावेल." विचारलं नाही, सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा.

त्या ड्रेसने मात्र तिला झपाटलं. कमरेशी तो पाण्यासारखा उतरला होता. कपडा अंगाला बसावा म्हणून आतून चिमटीएवढी घडी शिवतात, तिला टक म्हणतात. त्या ड्रेसला पुढून एकही टक दिसत नव्हता, चुणी नव्हती, ओढ नव्हती. हे कुणी कापलं असेल, कसं कापलं असेल, याचा विचार करत ती कितीतरी पँटींच्या चेनी बदलत राहिली. तुकडे जमवून तिने तो ड्रेस सहा वेळा शिवून पाहिला. दर वेळी पुढून जमायचा आणि सगळं जास्तीचं कापड पाठीत गोळा व्हायचं. पाठ साधली की पुढची जादू जायची. आपला हातच कमी पडतो, असं ती धरून चालली.

मग सातव्यांदा शिवायची वेळ आली. शहरातल्या सगळ्यात मोठ्या, माप घेऊन कपडे बेतणाऱ्या दुकानात कटिंगची एक जागा निघाली. तिथले मास्तर म्हातारे झाले होते, हाताखाली माणूस हवं होतं. मास्तरांनी निरोप दिला, एक कपडा शिवून आणा, हँगरवर नको, माणसाच्या अंगावर दाखवा. चेनवालीने दुसरा-तिसरा विचारच केला नाही. राखाडी ड्रेस, आणि अंग मुलीचं.

मुलगी सतरा वर्षांची होती, परीक्षा तोंडावर. दोन महिने रोज संध्याकाळी ती स्टुलावर उभी राहिली, हातात पुस्तक धरून. आई तोंडात टाचण्या धरून भोवती फिरायची. "हलू नकोस." "श्वास तरी घेऊ का?" "अर्धा घे." शेवटच्या आठवड्यात मुलीच्या पायाला गोळे यायला लागले, तरी तिने कुरकुर केली नाही. त्या राखाडी बाईचं वेड दोघींनाही सारखंच होतं.

मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. पुढून पाहिलं, लांब जाऊन पाहिलं. "वा," ते म्हणाले, "बोलतोय हो कपडा." चेनवालीला वाटलं, झालं. "फिर बघू बाळ," मास्तर म्हणाले.

मुलगी फिरली. पाठीत मधोमध कापडाचा फुगा आला होता, खांद्यापासून कमरेपर्यंत.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

आणि चेनवालीच्या तोंडातून निघून गेलं, "तिची पाठच जरा वाकडी आहे, मास्तर. डावा खांदा उतरलाय. कपडा काय करणार?"

मास्तरांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. मग हळूच म्हणाले, "बाई, दोन्ही खांदे सारखे असलेलं माणूस मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही. तेवढ्यासाठीच तर आपण असतो ना?"

हे तिलाही माहीत होतं. रोज खिडकीशी येणाऱ्या प्रत्येक शर्टाचा एक खांदा ती अर्धा इंच उतरवून देत होती. माहीत असूनही ती बोलली होती. मुलगी तशीच दोघांकडे पाठ करून उभी होती. तिचं तोंड कुणालाच दिसलं नाही.

जागा गेली. रात्री दिवा मालवल्यावर मुलीने विचारलं, "किती वाकडी आहे?"

"काही नाही गं. बोलायचं म्हणून बोलले."

'चुकले' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तो आज म्हणू, उद्या म्हणू असं करता करता मुलगी शिकून, नोकरी धरून, दुसरीकडे राहायलाही गेली. राखाडी ड्रेस ट्रंकेत तळाशी गेला. चेनवालीने त्यानंतर नवं कापड कापलं नाही. वह्या मात्र चालू राहिल्या, कारण मुलगी आता शहराच्या दुसऱ्या टोकाला एका फोटो स्टुडिओत काम करत होती. मॉडेलचे कपडे इस्त्री करायचे, बटणं लावायची, कापडावरचे दोरे वेचायचे. काय काम करतेस, असं विचारलं की "तुझंच, पण उभ्याने," एवढंच म्हणायची. या पानांमधला एखादा कपडा तिच्या हाताखालून गेला असेल, या आशेवर आई पानं कापत राहायची.

मग एका मंगळवारी दुपारी फोन आला. मुलगी मंगळवारी कधी फोन करत नसे.

"आई, येऊ शकशील? एका ड्रेसची चेन गेलीय, दोन तासांत फोटो काढायचेत. इथं कुणाला जमत नाहीये. तुझ्याइतकं पटकन—"

"आले," आई म्हणाली आणि फोन ठेवला. मग पत्ता विचारायला परत करावा लागला.

मालक म्हणाला, "आज तीन कोट द्यायचेत."

"मुलीने बोलावलंय."

"अहो पण—"

"मुलीने बोलावलंय," ती पुन्हा म्हणाली, तेव्हा त्याने कोट स्वतःच उचलून बाजूला ठेवले.

बसमध्ये सुयांचा डबा मांडीवर धरून ती सबंध वाट मनात वाक्य जुळवत गेली. आज सांगायचंच. काम झालं की तिला बाजूला घ्यायचं आणि सांगायचं.

स्टुडिओ म्हणजे एक जुनं गोदाम होतं. छतापासून जमिनीपर्यंत पांढरा कागद सोडलेला, भोवती दिवे. "आलीस? वायर बघ पायाखाली," मुलगी म्हणाली आणि तिला आत घेऊन गेली, तिरकी चालत. एका खोक्यावर बसून चेनवालीने ती चेन उसवली, नवी बसवली, पाऊण तासात. फोटो काढणारा येऊन बघून गेला. "आई का तुझी? हात बघ कसा चालतोय." मुलगी किंचित हसली. तिच्या तोंडावर अभिमान होता, आईला तो स्पष्ट दिसला. आज होईल, तिला वाटलं.

फोटो सुरू झाले. तिला बसायला जागा मिळाली ती मागच्या बाजूला, म्हणून समोरच्यांना जे दिसत नव्हतं ते तिला दिसलं. मॉडेलच्या पाठीवर मानेपासून खाली ओळीने काळे चिमटे लावलेले होते, ऑफिसात कागदांच्या गठ्ठ्याला लावतात तसले. सात होते. मुठी मुठी कापड त्यांत आवळून धरलं होतं. आणि बाजूच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, पुढून, तोच ड्रेस कमरेशी पाण्यासारखा उतरला होता.

"अहो, मोठा होतोय तिला," चेनवाली उठून उभी राहिली. "मी घेते ना आत. अर्ध्या तासाचं काम आहे."

सगळे हसले, पण वाईट हेतूने नाही. फोटो काढणारा म्हणाला, "काकू, कपडा एकाच मापाचा येतो, मुली बदलतात. कोण शिवत बसणार? पुढून फोटो, मागून चिमटे."

"नेहमी?"

"मी या धंद्यात आल्यापासून तरी."

ती खाली बसली. मग पुन्हा उठून, वायरी ओलांडत, मुलगी वाफेच्या इस्त्रीने कपडे सरळ करत होती तिथे गेली.

"तो राखाडी पण?"

मुलीने वर पाहिलं नाही. "तो पण असणार."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. चिमट्यांचा डबा माझ्याच हातात दिला. म्हणाले, लाव मागून."

"सहा वर्षं झाली त्याला."

"हो."

"मला सांगायचं नाही होय?"

इस्त्रीतून वाफ फुसकन बाहेर आली. "सांगणार होते. जिन्यात जाऊन फोनही लावला होता. तू म्हणालीस, जेवलीस का. मी म्हटलं, जेवले." मुलीने बाही उलटी केली. "काय सांगणार होते, आई? की तुझा हात चुकला नव्हता? तुला बरं वाटलं असतं. पण मग तेही मीच करायचं का?"

आईने बसमध्ये जुळवलेलं वाक्य शोधलं. ते सापडेना. "तुझी पाठ..." ती म्हणाली.

"नको."

"अगं सरळ आहे तुझी पाठ. तेव्हाही सरळच—"

"माहीत आहे मला. अठरा वर्षांची असताना डॉक्टरला दाखवून आले. एकटी गेले होते." तिचा आवाज अगदी साधा होता, दोरे वेचताना बोलतो तसा. "त्याने तपासलं आणि हसला. म्हणाला, हे कुणी घातलं तुझ्या डोक्यात?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, एका टेलरने."

पलीकडून कुणीतरी मुलीला हाक मारली. "आले," ती म्हणाली, पण गेली नाही.

"चुकले मी," आई म्हणाली. "तेव्हाच माहीत होतं मला, चुकतेय ते."

मुलीने त्या दुपारी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग मान हलवली, जशी एखादी वस्तू हातात मिळाल्यावर आपण मिळाली म्हणून हलवतो. ती वस्तू आपल्याला आता लागत नाही, हे देणाऱ्याला कळू न देता. "बरं," ती म्हणाली. "चल, तुला स्टॉपवर सोडते. एकटी चुकशील."

स्टॉपवर त्या बसच्या वेळापत्रकाबद्दल बोलल्या, मालकाच्या कोटांबद्दल बोलल्या. मुलीच्या अंगात तयार घेतलेला ढगळ शर्ट होता. आईने एकदा हात पुढे केला, "खांदा उतरतोय बघ याचा. रविवारी आण, दोन टाके घालते."

"राहू दे. सवय झालीय."

बस आली. खिडकीची जागा मिळाल्यावर चेनवालीने बाहेर पाहिलं. मागे मागे पाऊल टाकत जाणारी, हात हलवणारी मुलगी तिच्या डोळ्यांना सवयीची होती. पण मुलगी वळली होती. भराभर चालत स्टुडिओकडे निघाली होती, पाठ पूर्ण तिच्याकडे करून, नऊ वर्षांत पहिल्यांदा. माफ केलं म्हणून, की आता लपवण्यासारखंही काही उरलं नाही म्हणून, हे आईला कळेना.

तिने फक्त पाहून घेतलं. सरळ, तरुण पाठ. डाव्या खांद्याची शिवण उतरलेली, अर्धा इंच, फार तर पाऊण. डोळ्यांनी माप घेतलं आणि ते विसरू नये म्हणून बस वळेपर्यंत मनात घोकत राहिली.