कागदाला आलेला वास

नागपूरच्या उमरेड रोडवरच्या एका कागद कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळते. कागद म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरीशुभ्र वही येते. आमचा कागद तसा नाही. आमच्या फाटकातून झाडाचं लाकूड आत येत नाही, बांबूही येत नाही. येते ती शहरभरातली रद्दी, म्हणजे किराणा दुकानांचे, कूलरचे, औषधांचे फाटके खोके. मोठ्या हौदात ते पाण्याबरोबर घुसळले की लगदा होतो, लगद्याचा खाकी कागद होतो आणि त्या कागदाचे पुन्हा खोके. आमचे बरेचसे खोके संत्र्यांसाठी जातात. मागच्या जन्मी साबण वाहणारा खोका या जन्मी संत्री घेऊन दिल्लीला निघतो, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

घरी हे कौतुक करणारं कोणी नव्हतं. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर घरी मसाले कुटून विकले. कढईत धणे करपायला लागले की अंगणातून सांगतील असं त्यांचं नाक. संध्याकाळी मी दारात पाऊल टाकलं की त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "काहून वं, आज कोणत्या नालीत पडून आली? आधी न्हाणीत जा, मंग चहा भेटंल." मी मुकाट्याने न्हाणीत जायची. त्यांच्या हातचा चहा त्या मोबदल्यात वाईट नव्हता.

कागदाला पाणी फार लागतं. वापरलेलं पाणी आम्ही तेव्हा शुद्ध करून कारखान्यामागच्या नाल्यात सोडत असू. शुद्ध म्हणजे नियमात बसेल इतपत. रंग चहासारखा राहायचा आणि वळणावर फेस जमायचा. ही गोष्ट मला आवडत नव्हती, आणि सगळं पाणी आतल्या आत फिरवता येईल असं मी मालकांना एकदोनदा सुचवलंही होतं. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. वडिलांच्या मागे कारखाना त्यांच्याकडे आला. माणूस विचार करून बोलणारा, पण खर्चाचं निघालं की विषय पुढच्या वर्षावर ढकलणारा.

एका उन्हाळ्यात दुपारी फाटकाशी एक बाई आली. पन्नाशीची असेल. नाल्याच्या खालच्या अंगाला तिचं वावर, त्यात ती पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावते. हातात नाल्याच्या पाण्याने भरलेली बादली होती. चौकीदाराने मला बोलावलं.

"हे पाणी तुमचंच हाय ना?" तिने विचारलं.

"आमचंच आहे मावशी. पण आम्ही ते शुद्ध करून सोडतो."

"मंग घाल नं हात त्यात."

मी हात घातला. बाहेर काढला तर बोटांना बुळबुळीत काहीतरी लागलं होतं. तिने आपल्या पदराचं टोक पुढे केलं, पुसायला. त्याची मला जास्त लाज वाटली.

"याचा थर बसते पालकावर," ती म्हणाली. "बजारात बाया जुडी उचलतात, वास घेतात अन् ठेवून देतात. मी भांडाले नाही आली. मले फक्त सांगा, हे असंच राहणार हाय का?"

भाऊ तेवढ्यात गाडीतून उतरले होते. त्यांनी बादलीत वाकून पाहिलं, बराच वेळ. मग तिला म्हणाले, "नाही राहणार." एवढंच. केबिनमध्ये आल्यावर मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणत होत्या ना, पाणी आतच फिरवता येते. करून टाकू."

मी इतकी आनंदले की त्या दिवशी घरी न्हाणीत जाताना गुणगुणत होते.

पाइप बदलले, गाळण्या बसवल्या, आणि पावसाळा सरता सरता नाल्याकडे जाणारा व्हॉल्व्ह आम्ही बंद केला. काही आठवडे सगळं छान चाललं. नंतर पाणी आंबायला लागलं. तेच तेच पाणी फिरत राहिलं की रद्दीतला स्टार्च, खोक्यांची खळ, सगळं त्यात साठत जातं आणि जंतूंना आयतं जेवण मिळतं. नासलेल्या लोण्यासारखा वास मशीनभर पसरला. पाइपांत चिकट साय धरली, तिचे गोळे कागदावर पडून चालू मशीनवर कागद टरटर फाटायला लागला. आणि जो कागद निघायचा त्यालाही तोच वास.

संत्र्यांचा हंगाम ऐन भरात असताना कळमन्याच्या फळबाजारातल्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. भाऊ आणि मी गेलो. यार्डात संत्र्यांचे ढीग, वाहनांची गर्दी, आणि त्यात आमच्या खोक्यांची थप्पी एका कडेला, जसं कोणी रुसून बाजूला बसावं. व्यापाऱ्याने एक खोका उघडला, आतलं संत्रं सोललं आणि फोड माझ्या हातावर ठेवली. "खाऊन पाहा मॅडम."

फोड गोड होती. पण हाताला सालीचा वास यायला हवा होता, तो आला नाही.

"संत्र्याले तुमच्या डब्ब्याचा वास लागून राहिला गा भाऊ," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "दिल्लीवाला सालीचा वास घेऊन भाव करते. हा माल वापस घ्या, अन् जमलं त चांगला द्या. तुमच्याशी जुना संबंध हाय, म्हणून फोन केला."

 कारखान्यात आल्यावर मशीनवरचा फोरमन म्हणाला, "भाऊ, थोडे दिवस व्हॉल्व्ह उघडू. पाणी बदलून जाईल, वास जाईल. मग पुन्हा बंद करू." त्याचं चुकीचं नव्हतं. तसं केलं असतं तर वास गेलाच असता. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

"थोडे दिवस म्हणता म्हणता तो कायमचाच उघडा राहील," मी म्हणाले. "मला थोडा अवधी द्या. हे जंतू पाइपात आपलं नुकसान करताहेत. त्यांना वेगळ्या टाकीत नेऊन बसवलं तर तेच काम करतील."

"नक्की?"

"दुसऱ्या उद्योगांत करतात. आपल्याकडे जमेल असं वाटतं. नक्की नाही सांगत."

भाऊ थोडं हसले. "नक्की म्हटलं असतं तर मी नाही म्हटलं असतं," ते म्हणाले, आणि व्हॉल्व्हला कुलूप लावायला सांगितलं.

मग आली आमची टाकी. उंच, गोल, वरून बंद. तिच्यात हवा शिरू द्यायची नाही. हवेशिवाय जगणारे जंतू आंबलेल्या पाण्यातली घाण खातात, त्यातून गॅस निघतो, आणि राहिलेलं पाणी पुढे हवा खेळवून साफ केलं की परत मशीनवर. विरजणासाठी गाळ मात्र बाहेरून आणावा लागला. एका स्टार्चच्या कारखान्यातून टँकर भरून काळाकुट्ट गाळ आला तेव्हा आमचे कामगार नाकाला रुमाल लावून उभे होते. आमच्यासारख्या वासाच्या कारखान्यातले लोक नाकाला रुमाल लावतात, म्हणजे बघा.

टाकीचे नखरे फार. जास्त पाणी दिलं की तिला अपचन, कमी दिलं की ती मंद. नागपूरची थंडी पडली तशी ती अगदीच गारठली. बॉयलरच्या वाफेची एक नळी तिच्याकडे येणाऱ्या पाण्यात फिरवली, तेव्हा कुठे तिने पुन्हा जीव धरला. कामगारांनी तिचं नाव म्हैस ठेवलं. सकाळी आत शिरताना मीही विचारायला लागले, "म्हैस जेवली का?" "थोडंसंच जेवली मॅडम," असं उत्तर यायचं. एकदा भाऊ बाहेरच्या पाहुण्यांना घेऊन आले असताना फोरमन धावत आला आणि म्हणाला, "म्हैस आज मस्त डकारून राहिली!" पाहुणे गोठा शोधत इकडेतिकडे पाहायला लागले.

पाणी सुधारतंय हे तपासणीत दिसत होतं. पण कागदाचा वास गेला का, हे सांगणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं, आणि माणसांची नाकं कधीच मेली होती. सगळे म्हणत, वास नाही. मलाही येत नव्हता. माझा माझ्यावरच विश्वास बसेना. मग मी कागदाचे तुकडे वेगवेगळ्या डब्यांत बंद करून घरी नेले आणि सासूबाईंपुढे ठेवले.

"आई, एवढं जरा हुंगून सांगा."

"मी? तुह्या कारखान्याचा घाणेरडा कागद?" त्यांनी आधी पदर नाकाला लावला. मग कुतूहल जिंकलं. डोळे मिटून त्यांनी पहिला डबा उघडला. "हे खाटं ताक. फेकून द्यायच्या लायकीचं." दुसरा. "हे बरं हाय. पण पावसात भिजलेल्या घोंगडीसारखं मारते." तिसऱ्यावर जरा थांबल्या. "याच्यात मले कायी नाही भेटत."

तिसरा बाजारातून आणलेला कोरा पुठ्ठा होता, मुद्दाम ठेवलेला. तेव्हा माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला.

त्यानंतर हा आमचा नेमच झाला. त्या मला चहाच्या आधी न्हाणीत पाठवायच्या आणि तोवर डबे मांडून बसायच्या. माझ्या नवऱ्याने मध्येच एकदा एक डबा उचलून हुंगला आणि "छान आहे" म्हणाला, तर त्या म्हणाल्या, "तू सरक बाजूले. तुले करपलेली पोळी समजत नाही." हळूहळू ताक गेलं, घोंगडी गेली. थंडी उतरताना एका संध्याकाळी त्यांनी डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. "हा कागद हाय," त्या म्हणाल्या. "नुसता कागद." मी त्यांना मिठी मारली. "अंगावर नको येऊ, अजून आंघोळ नाही झाली तुही," त्या म्हणाल्या, पण हसत होत्या.

आम्ही नवे खोके स्वतः कळमन्याला नेऊन दिले. व्यापाऱ्याने खोक्यात जवळजवळ डोकंच घातलं, बाहेर काढलं आणि हमालाला हाक मारली, "लाव गा हे तिकडं." तीच आमची पावती. टाकीतला गॅस बॉयलरला जोडला तेव्हा निळी ज्योत पाहायला पाळीवरचे सगळे कामगार जमले. कोळसा पूर्ण थांबला नाही, पण ट्रक कमी यायला लागले.

इथे गोष्ट संपली असती तर सोपं होतं. पुढच्या उन्हाळ्यात ती भाजीवाली मावशी परत आली. या वेळी बादली रिकामी होती. मला वाटलं, बरं वाटलं म्हणून सांगायला आली.

"नाला कोयडा पडला," ती म्हणाली. "तुमचं घाण पाणी होतं, पण पाणी होतं. आता माह्या पालकाले काय पाजू?"

हे माझ्या मनातच आलं नव्हतं. उन्हाळ्यात तो नाला आमच्या पाण्यावरच वाहत होता. आम्ही पाणी सोडणं थांबवलं आणि नाला आटला. भाऊंना सांगितलं तर ते कपाळावर हात मारून बसले. मग उठले आणि म्हणाले, "चला, तिचं वावर पाहू."

वावरात एक जुनी विहीर होती, अर्धी बुजलेली. मावशी म्हणाली, नाल्याची घाण झिरपून पाणी खराब झालं म्हणून आपण ती कधीची सोडून दिली. त्या उन्हाळ्यात भाऊंनी विहिरीतला गाळ काढून दिला, नाल्यातही खोदाई करून दोन ठिकाणी बांध घातले, आणि आमच्या गोदामांच्या लांबलचक पत्र्यांवरचं पावसाचं पाणी पन्हाळींतून त्या बांधांकडे वळवलं. पावसाळा येईपर्यंत मात्र कारखान्याचा टँकर तिच्या वावरात स्वच्छ पाणी टाकून यायचा. तेवढ्यावर अर्धंच वावर भिजायचं, आणि तसं ती रोज ऐकवायची.

आता विहिरीला पाणी टिकतं. सगळ्या उन्हाळ्यात नाही, मे महिन्यात मावशी अजूनही आभाळाकडे पाहते. आमच्याकडेही सगळं झालेलं नाही. रद्दीतून निघणाऱ्या प्लास्टिकचा ढीग अंगणात तसाच आहे आणि त्यावरून भाऊंचं नि माझं जोरात वाजतं. पण मागच्या आठवड्यात घरी जाताना मी तिच्या वावराशी गाडी थांबवली. ती विहिरीच्या काठावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. मला पाहून तिने बादली आत सोडली, भरून वर ओढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"हात-पाय धुऊन घे पोरी," ती म्हणाली, "दमली असशीन."

मी चपला काढल्या. पाणी इतकं थंड होतं की पाय तसेच ठेवून मी तिच्याशेजारी बसले, आणि ती बांधत असलेल्या जुड्यांतल्या काही मीही बांधल्या.