अक्का नावाची गाडी

ती गाडी मी रंगवली होती. एवढं एक वाक्य पंचवीस वर्षं माझ्या तोंडून निघालं नाही, म्हणून आधी तेच लिहून टाकतो. गाडी खरी नव्हती. कॉम्प्युटरवरच्या शर्यतीच्या गेममधली होती. पण तिच्या छतावर मी जे लिहिलं ते खरं होतं, आणि ते लिहिण्याचा मला काही अधिकार नव्हता.

दहावीनंतर मला नांदेडहून लातूरला धाडलं ते डॉक्टर व्हायला. त्या दिवसांत आमच्याकडे ज्या घरातल्या पोराला बरे मार्क पडले, त्या घरातली एक पत्र्याची पेटी लातूरच्या एसटीत चढायचीच. औसा रोडच्या मागे एका घराच्या गच्चीवर पत्रे टाकून केलेल्या खोलीत आम्ही दोघं राहायचो. दुसरा माझ्याच वर्गातला, भूकंपात पडलेल्या एका गावचा. क्लासमध्ये एकमेकांना गावाच्या नावानं हाका मारायची पद्धत होती. मी ‘नांदेड’, कुणी ‘मुरुड’, कुणी ‘उदगीर’. त्याला मात्र गावाच्या नावानं कुणी हाक मारत नसे. ते नाव सगळ्या पेपरांत येऊन गेलेलं होतं. त्याला सगळे नुसतं ‘दोस्त’ म्हणत.

भूकंपाबद्दल तो कधी बोलत नसे. एकदाच बोलला. दुपारची वेळ होती, लाइट गेलेली, पत्र्याखाली बसवेना म्हणून आम्ही जिन्याच्या सावलीत पुस्तकं घेऊन बसलो होतो.

“अक्कानं, थोरल्या बहिणीनं, मला दारातून भायेर ढकललं,” तो एकदम म्हणाला. “ती मागं राहिली. तिचा एक बी फोटो न्हाई आमच्याकडं. होते ते घरासंगं गेले.”

मी पुस्तक मिटलं. त्यानंच पुढं सांगितलं, “नंतर बापूनं जीप घेतली, शिटा भरायला. मागच्या काचेवर ‘अक्का’ टाकायचं म्हणला. पेंटरला बी बोलावलं होतं. आईनं टाकू दिलं न्हाई.”

का टाकू दिलं नाही, हे मी विचारलं नाही. आमच्या भागात जीप असो, ट्रॅक्टर असो, टमटम असो, त्यावर घरातल्या कुणाचं तरी नाव असतंच. गेलेल्या माणसाचं तर हमखास. मी मनाशी समजून घेतलं की याच्या मनात एक इच्छा राहून गेली आहे. सगळी चूक तिथून सुरू झाली.

आता गाड्या रंगवण्याचं सांगतो. आमच्या क्लासच्या गल्लीत एक इंटरनेट कॅफे होता. पोरं तिथे शर्यतीचा गेम खेळत. मला खेळण्यात फारसं काही वाटत नसे. मला त्या गाड्यांचे रंग बदलायचा नाद लागला होता. गेमच्या फोल्डरमध्ये प्रत्येक गाडीचं एक सपाट चित्र असतं. दारं, बॉनेट, छत, डिकी, सगळं सोलून, ताणून वाळत घातलेल्या कातड्यासारखं एका चौकोनात पसरलेलं. ते चित्र उघडायचं, माऊसनं रंग भरायचे, पट्टे ओढायचे आणि त्याच नावानं परत ठेवायचं. मग गेम चालू केला की गाडी ते कातडं अंगावर चढवून समोर यायची. पट्टा बंपरपाशी तुटलेला दिसला की परत मागे जाऊन दोन ठिपके सरकवायचे. यात माझे तासन्‌तास जात. गणितं सुटायची राहायची, पण पट्टा जुळायचा.

कॅफेवाल्यानं जाहीर केलं की रविवारी शर्यत आहे, आणि ज्याची गाडी सगळ्यांत देखणी असेल ती सगळ्या कॉम्प्युटरवर टाकली जाईल. मी पांढरी गाडी केली. तिच्यावर गडद निळा पट्टा, आमच्याकडच्या शाळेतल्या मुलींच्या गणवेशाच्या रंगाचा. ‘अक्का’ ही अक्षरं दारावर टाकून पाहिली, पण दोन्ही दारांना चित्र एकच होतं, त्यामुळे एका बाजूला ती उलटी उमटायची. छताचं तसं नव्हतं. छत एकच. म्हणून मी ती छतावर घेतली. मराठी टाइप चालत नव्हता. एकेक ठिपका भरत अक्षरं काढली. क्काचा जोड नीट बसायला दोन दिवस गेले.

हे मी त्याच्यासाठी केलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. त्याला दाखवून चकित करायचंही मनात होतं. पण खरं सांगायचं तर मला ती निवडून यायला हवी होती, आणि त्याची गोष्ट ऐकल्यापासून माझ्याकडे इतरांकडे नसलेलं काहीतरी आहे असं मला वाटायला लागलं होतं.

ती निवडून आली. दोस्त त्या रविवारी गावी गेला होता, आणि गाडी कुणी रंगवली हे कॅफेवाल्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. कॅफेवाल्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि एका तारेवर जोडलेल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर ती पाठवून दिली. शर्यत सुरू झाली. मी मागे उभा होतो, छाती फुगवून. पहिल्याच वळणावर ती गाडी कठड्यावर आदळून उलटी झाली.

“अक्का पलटी!” एक पोरगा ओरडला.

“ठोक, ठोक अक्काला! उठू देऊ नको!”

“छत गेलं की रे अक्काचं! चेपली बघ, चेपली!”

सगळे हसत होते. त्या गेममध्ये गाडी उलटली की छत खरोखर आत बसायचं, आणि छतावरची अक्षरं त्याच्याबरोबर दुमडायची. माझे दोन दिवसांचे ठिपके घडी पडून आत गेलेले मला दिसले. जीपच्या काचेवर ते नाव टाकायला आईनं नको का म्हटलं असेल, हे मला तेव्हा कळलं. स्टँडवर लोक जीपला तिच्यावरच्या नावानंच ओळखतात.

मी कॅफेवाल्याला म्हणालो, “दादा, ती गाडी काढून टाकू का? त्यात चूक राहिली आहे.”

“कायची चूक? पोरांना आवडून राहिली. राहू दे ना भौ.”

तो बाहेर गेला की मी एकेका कॉम्प्युटरवर बसून ती पुसायचो, आणि दुसऱ्या दिवशी ती परत असायची. पोरांनी सीडीवर घेऊन ती दुसऱ्या कॅफेतही नेली होती. आठवड्यात औसा रोडवरून जाताना कॅफेच्या पडद्यामागून मला ती हाक ऐकू यायला लागली, ‘अक्का आली, अक्का आली’. दोस्त शेजारून चालत असला की मी मोठमोठ्यानं बोलायला लागायचो. काहीही. केमिस्ट्रीतले प्रश्न विचारायचो.

“तू आजकाल लई बडबड करून राहिलास,” तो हसून म्हणायचा.

त्याला कॅफेपासून लांब ठेवणं हे माझं कामच होऊन बसलं. सराव परीक्षेचा निकाल बघायचा, मी बघून येतो. प्रवेश परीक्षेची माहिती काढायची, मी काढतो. तो म्हणायचा, “किती करतोस रे माझं.” मला जेवण जात नव्हतं. क्लासमध्ये सर फळ्यावर काय लिहीत आहेत ते दिसायचं, पण डोक्यात शिरायचं नाही. दार वाजलं की वाटायचं, कळलं याला. असे दीड-दोन महिने गेले असतील.

मग एका दुपारी तो खोलीत आला तो चप्पल न काढताच कॉटवर बसला.

“फारम बघायला गेलतो कॅफेत,” तो म्हणाला. “तिथं एक गाडी हाय. छतावर अक्का लिव्हलंय. पोरं तिला...” त्यानं चप्पल काढून कोपऱ्यात टाकली. मग म्हणाला, “आई म्हणली होती तेच झालं बघ. गाडीवर नाव टाकलं की लोक म्हणतात, अक्का भरली, अक्का आदळली, अक्का पलटी. रोज तिला मारतील, म्हणली होती.”

मी पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर धरला.

“कुणी केलं असंल रे? तुला म्हाईत हाय का?”

“न्हाई,” मी म्हणालो. त्याच्याच बोलीत म्हणालो, हे मला आजही आठवतं.

त्यानं थोडा विचार केला आणि माझी सुटका स्वतःच करून दिली. “अक्का तर कुणाची बी असती म्हणा. कुणीतरी आपल्या बहिणीचं टाकलं असंल. त्याला काय ठावं.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुला त्यातलं कळतं. काढता येतंय का ते?”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं कॅफे पालथे घालू लागलो. तो काउंटरवर हात जोडून उभा राहायचा, “दादा, एक चित्र काढून टाकायचंय, तुमच्या मशिनीला काय धक्का लागणार न्हाई.” कुणी का म्हणून विचारलं तर सांगायचा, घरचं कारण हाय. पुढे एकदोघांना त्यानं खरं कारणही सांगितलं. जे तो सात-आठ वर्षांत एकट्या माझ्यापाशी बोलला होता, ते त्याला अनोळखी माणसांना सांगावं लागलं. आमच्या गल्लीतल्या कॅफेवाल्यानं ते ऐकून माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. उठून त्यानं मला खुर्ची दिली आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला.

मी फोल्डर उघडायचो, माझंच चित्र निवडायचो आणि पुसायचो. दोस्त मागे उभा राहून बघायचा. “गेलं?” विचारायचा. “गेलं,” मी म्हणायचो. शेवटच्या कॅफेतून बाहेर पडल्यावर त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. “तू नसतास तर मी येडा झालो असतो.” पुढच्या सुट्टीत तो गावाकडून शेंगाच्या पोळ्यांचा डबा घेऊन आला. आईनं खास माझ्यासाठी धाडला होता. तिला त्यानं सगळं सांगितलं होतं. मी त्यातली एक पोळी त्याच्यासमोर बसून खाल्ली.

बारावीत त्याचं झालं, माझं झालं नाही. तो डॉक्टर होऊन चाकूरला बसला. मी नांदेडला एका कार्यालयात नकाशे काढतो. दरवर्षी त्याचा फोन यायचा, ये एकदा. मी दरवर्षी काहीतरी कारण सांगायचो. गाडी, रंग, गेम असा शब्द जरी कुठे निघाला तरी मी विषय बदलायचो. माझ्या बायकोलासुद्धा मी हे कधी सांगितलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात त्याची मुलगी दहावी झाली. तिलाही लातूरला ठेवायचं ठरलं. तो म्हणाला, “आता तरी ये. रूम पार्टनर कसा बघावा, ते तू सांग हिला.” या वेळी मला नाही म्हणता आलं नाही.

त्याच्या घरात त्याची आई होती. पाठीत वाकलेली. मी पाया पडलो तर माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून म्हणाली, “किती वर्षं वाट बघायला लावलीस रे माय. तुझं नाव रोज निघतंय घरात.” चहा आला. दोस्तानं मुलीला समोर बसवलं आणि ती सगळी गोष्ट सांगायला सुरुवात केली. मी कसा त्याच्याबरोबर उन्हात हिंडलो, अभ्यास बुडवून बुडवून. “असा पार्टनर मिळायला नशीब लागतं,” तो म्हणाला. आई मान हलवत होती.

मुलीनं नीट ऐकून घेतलं. मग तिनं मला विचारलं, सहजच, खरंच माहीत करून घ्यायचं म्हणून, “पण काका, इतक्या फायलींमधली ती नेमकी कुठली, ते तुम्हाला कसं कळलं?”

उत्तर सोपं होतं. शोधली, सापडली, म्हणता आलं असतं. सगळे माझ्याकडे प्रेमानं बघत होते. मी हातातली कपबशी खाली ठेवली.

“कारण ती मीच केली होती,” मी म्हणालो.

मुलगी आधी हसली, मग बापाकडे बघून थांबली. मी सगळं सांगितलं. जिन्यावरची दुपार, रविवारची शर्यत, छतच का निवडलं, सगळं. आईनं पदर तोंडाला लावला होता; तिच्याकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. मी म्हणालो, “मी तिचं नाव तिथं टाकायला नको होतं. माझं चुकलं.”

दोस्तानं आईकडे पाहिलं. मग म्हणाला, “रंगवलंस त्याचं काय न्हाई. पोरगं होतास. तुला वाटलं असंल, चांगलंच करून राहिलो.” तो उठला, खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. “पर मी काउंटरवर हात जोडून हुबा होतो. अक्काचं सांगत होतो लोकांला. तू शेजारी होतास. एकदा बी तुला सांगावं वाटलं न्हाई?”

मला वाटलं होतं. प्रत्येक काउंटरवर वाटलं होतं. पण ते सांगून मी स्वतःला थोडं बरं ठरवलं असतं, म्हणून ते मी बोललो नाही. मी उठून त्याच्यासमोर उभा राहिलो.

“तू मला विचारलंस आणि मी नाही म्हणालो,” मी म्हणालो. “तुला तिची गोष्ट परक्या लोकांना सांगायला लावली आणि वर तुझे आभार घेतले. पंचवीस वर्षं घेतले. गाडीपेक्षा हे वाईट आहे. याची माफी मागतो तुझी. आणि काकू, तुमचीही.”