विचारण्याआधीच आलेलं ‘व्हय’

ती घटना आजही आठवते. ती आठवली, की मला तपास शिकवणारे आमचे जुने जमादारही आठवतात. नववीतून शाळा सुटली, अमरावतीकडचं गाव सोडलं आणि पोलिसात भरती झालो. आपल्या हातून काही चुकेल, ही धास्ती कायमची. जमादार म्हणायचे, “आरोपी हो म्हणाला म्हणजे तपास संपला नाही, आत्ता सुरू झाला.” त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी शिरूर भागात हवालदार होतो. रांजणगावच्या एका कंपनीतून शनिवारी रात्री तांब्याच्या वायरची बंडलं गेली. फिर्याद दाखल झाली, रस्त्यावर झडत्या लागल्या आणि दोन दिवसांनी एका टेम्पोवाल्याने खबर आणली.

“भांडगावला मेंढरंवाल्याच्या घरामागं लेंडीखताचा ढीग हाय. वायर जाळून तांबं त्यात पुरलंय.”

तिथल्या ठाण्याला कळवून, पंचांसमक्ष ढीग उकरला. तांबं निघालं. त्या घरचा मुलगा त्याच कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता आणि लवकरच कायम व्हायचा होता. चोरीचा शिक्का बसला असता, तर एमआयडीसीचं एकही गेट त्याला पुन्हा उघडलं नसतं.

ठाण्यात आणून त्याला पाणी दिलं. पेला ओठाला लावायच्या आतच तो म्हणाला, “व्हय साहेब, म्याच नेलं.”

आमचे साहेब खूश झाले. “चला, गुन्हा उघड! कागद करा.”

मला मात्र ते पचेना. इतक्या सहज कबूल होणारा माणूस मी पाहिला नव्हता. विचारलं, “माल कुणाला देणार होतास?”

“तुमी म्हणाल त्येला.”

“आणि ते दोन पंखे?”

“पंखे बी म्याच नेले.”

पंखे चोरीला गेलेच नव्हते. मी पेन खाली ठेवलं.

त्याचे वडील सकाळपासून फाटकाबाहेर उभे होते. आत यायला तयार नव्हते. मीच बाहेर गेलो. “आप्पा, शनिवारी रात्री पोरगा कुठं होता?”

“कासुर्डीला. तितल्या एका चाचांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली व्हती. घरची समदी तितंच. मला ताप भरला म्हून पोरगं सुट्टी टाकून आलं.”

“मग हे त्यानं सांगितलं का नाही?”

“म्याच शिकवलंय त्येला. पोलिसानं इचारलं की व्हय म्हणायचं. कोकणात उतरताना एका चौकीत मला धरलं व्हतं. न्हाई म्हणलं तवर मारलं, व्हय म्हणलं तवा थांबले. ह्यो तवा कडंवर व्हता.”

कासुर्डीला गेलो. रानभर लेंड्या पडलेल्या. ज्यांचं रान ते चाचा म्हणाले, “इथंच व्हता की! मेंढी अडली व्हती, रातभर ह्यानंच सोडवली. कोकरू दावू का साक्षीला?”

मग टेम्पोवाल्याला चहाला बोलावलं. बक्षीस मिळणार म्हणून तो कंगवा फिरवून आला होता.

“काय रे, वायर जाळलेली तुला कशी कळली? ढीग तर आम्ही उकरला.”

“वास आला साहेब.”

“पुरलेल्या तांब्याचा?”

त्याचा चहा निवला. लेंडीखत न्यायला तो त्या घरी जायचा. घर रिकामं आहे हे पाहून त्यानंच चोरलेला माल तिथं पुरला होता. पण रस्त्यावर झडत्या लागल्या, माल हलवता येईना, तेव्हा खबर देऊन हात झटकले.

मुलाला सोडताना म्हणालो, “आता खरं सांग. वायर नेलीस?”

त्यानं फाटकाकडं पाहिलं. बापानं मान डोलावली.

“न्हाई,” तो पुटपुटला.

“मोठ्यानं.”

“न्हाई साहेब!”

फाटकाबाहेर आप्पांनी, मार चुकवावा तसे, दोन्ही हात चटकन कानशिलांवर धरले.

एका चौकीतला मार दुसऱ्या पिढीच्या जिभेवर बसतो, हे मी तिथं शिकलो. त्यानंतर कुणीही कबुली दिली, की मी त्याला न घडलेलं काहीतरी आवर्जून विचारायचो. पुढे फौजदार झालो, तरी ही सवय सोडली नाही.

बऱ्याच वर्षांनी शिरूर स्टँडवर कंपनीच्या गणवेशातला एक माणूस आडवा आला. तोच होता. चहा घेऊ म्हणाला. मी पैसे काढले, तर माझा हात धरून हसत म्हणाला, “न्हाई, न्हाई साहेब. आज तुमचं ऐकणार न्हाई.”

मी मुकाट्यानं पाकीट खिशात घातलं.