खाटेवर बांधलेली दुर्बीण

चंद्रपूरच्या बसस्थानकावर सकाळी सहाला अहेरीच्या गाडीत चढले आणि दारातच कंडक्टरशी माझं वाजलं. माझ्या हातात साडेतीन फूट लांब पत्र्याचा खोका, काखेत कापडात गुंडाळलेला स्टँड. खोका मागे डिकीत टाका असं त्याचं म्हणणं.

"यात आहे काय?"

"दुर्बीण. तारे पाहायची."

"तारे पाहाले इतक्या दूर काऊन जाता? चंद्रपुरात नाई का?"

"तुमच्या चंद्रपुरात दिसतात का कधी?" मी म्हटलं. त्यावर तो हसला खरा, पण पुढच्या दोन थांब्यांपर्यंत त्याची नजर खोक्यावरून हलली नाही. मीही खोका मांडीवरून हलवला नाही.

मी मूळचीच शंकेखोर. दुधात पाणी असतंच, किती आहे एवढंच बघायचं, असं मानणाऱ्यांतली. आष्टीला गाडी थांबली तेव्हा तर्री-पोहा घेतला. तर्री पोह्यांपेक्षा एक दिवसाने जुनी असावी अशी शंका आली, पण ती भुकेपुढे टिकली नाही. त्याआधी, आष्टीच्या अलीकडेच, वैनगंगेचा पूल लागला होता. डिसेंबरातलं पाणी खाली गेलेलं, वाळूवर धुकं. आलापल्लीच्या अलीकडे सागाचं जंगल दोन्ही बाजूंनी जवळ आलं आणि गाडीतली बडबड आपोआप कमी झाली.

मी निघाले होते ते ज्योतीच्या बोलावण्यावरून. ज्योती तिशीच्या आतली शिक्षिका, आलापल्लीपासून बरंच आत एका जंगलगावच्या शाळेत शिकवते. चंद्रपूरला शिक्षकांच्या एका मेळाव्यात मी दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडून त्यावरचे डाग दाखवत होते. ती दोनदा रांगेत उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, हे आमच्या पोट्ट्यायले दाखवा ना." तुम्ही काय करत होता, असंही तिने विचारलं होतं. "नोकरी होती, आता निवृत्त," एवढंच मी सांगितलं.

पूर्ण उत्तर असं की, तीस वर्षं मी एका कोळसा खाणीच्या मोजणी खात्यात काढली. वडिलांच्या जागी लागले. आधी नकाशे ट्रेस करायचे, नंतर शेताशेतांत तीन पायांचा स्टँड रोवून त्यावरच्या यंत्रातून जमिनी मोजायचे. निवृत्त झाल्यावर डोळ्याची सवय सुटेना, म्हणून दुर्बीण वर वळवली. खाण कुठली ते सांगत नाही. ज्योतीच्या गावाचं नावही लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

आलापल्लीला ज्योती मोटारसायकल घेऊन आली होती. खोका आडवा धरून मी मागे बसले. वाटेत एक नाला पाण्यातून ओलांडावा लागला. खोका डोक्यावर धरण्याच्या नादात माझी एक चप्पल वाहून गेली. ज्योतीने काठाकाठाने धावत जाऊन ती पकडली आणि वर मलाच विचारलं, "मॅडम, चप्पल महत्त्वाची का खोका?" मी खोका म्हटलं.

गाव लहान. बांबूच्या कुंपणांची, लांबलांब उभी घरं, मधे मोहाची मोठी झाडं, आणि मागे गावाला पाठीशी घालून बसलेला एक पहाड. मुलांनी लांबूनच "जोहार" (नमस्कार) केला आणि खोका पाहताच ती तिथूनच माघारी फिरली. पाहुणी आली की मुलं गोळा होतात, इतकं तर कुठल्याही गावात होतं. इथे कुंपणाआडून डोळे तेवढे दिसत होते.

जेवायला कोसरीचा भात (बारीक भरडधान्याचा) आणि अंबाडीची आंबट भाजी होती. जेवताना ज्योतीने खालच्या आवाजात खरं काय ते सांगितलं.

"उन्हाळ्यात तीन माणसं आली होती. तीन पायांचं यंत्र लावून दोन दिवस पहाडाकडे पाहत होती. रस्त्याचं माप आहे म्हणाली. गेल्यावर पाहतो त पहाडावरच्या झाडायले लाल खुणा. पहाडात यांचा देव आहे, मॅडम. तेव्हा शाळेनंच त्यायले बोलावलं असं कोणीतरी उठवलं, आन् पंधरा दिवस एक पोट्टं शाळेत आलं नाही. घरोघरी जाऊन एकेकाले परत आणलं मी. आता पुन्हा तसं झालं त शाळा बसली म्हणून समजा."

हीच वेळ होती तिला सांगायची. मी पाणी मागितलं आणि प्याले.

तिसऱ्या प्रहरी शाळेपुढच्या पटांगणात मोठी माणसं येऊन बसली. मुलं त्यांच्या मागे. सगळ्यांत पुढे मैनीबाई. सत्तरीच्या, ताठ बसलेल्या, हातात तंबाखूची डबी. त्यांचं शेत पहाडाला लागून आहे, आणि गावात त्यांचा शब्द खाली पडत नाही, असं ज्योतीने आधीच सांगून ठेवलं होतं. माझ्याशी त्या मराठीत बोलायच्या, आपसात गोंडीत. गोंडीत काय चाललंय ते कळत नसल्यामुळे ते माझ्याचबद्दल असणार अशी माझी खात्री होती, आणि ती खोटी नव्हती.

काहीतरी करून दाखवावं म्हणून मी स्टँड उभा केला. तिन्ही पाय फाकवले, एकेका पायाच्या टोकावर टाच दाबून तो मातीत रुतवला, मागे सरून एक डोळा मिटून माथा सपाट आहे का पाहिलं. तीस वर्षांत हजारो वेळा केलेलं काम. हात-पाय आपसूक चालतात.

मान वर केली तर सगळे माझ्या टाचेकडे बघत होते.

"बाई," मैनीबाई म्हणाल्या, "ते लोकं बी असेच टाच मारून पाय रोवत होते. मास्तरनी असं नाई करत. तू मोजनीवाली हाये."

"नाई हो, मैनीबाई!" ज्योती घाईने म्हणाली. "मॅडम शाळेसाठीच आल्यात. माझी जबाबदारी."

ती माझ्यासाठी खोटं बोलत होती आणि ते खोटं आहे हे तिला माहीतही नव्हतं. मला एकदम एक दुसरं अंगण आठवलं. खाणीच्या कामावर असताना भर मे महिन्यात एका बाईने मला कडुलिंबाखाली बसवून पाणी दिलं होतं आणि काय मोजता म्हणून विचारलं होतं. वाद नको म्हणून मी सांगितलं, रस्त्याचं माप आहे. ते कुणी मला सांगायला लावलं नव्हतं, माझं मीच बोलले होते. चार वर्षांनी ते गाव उठलं. ती बाई कुठे गेली ते मी कधी विचारलं नाही.

"ज्योती, थांब," मी म्हटलं. "मैनीबाई, तुमचं बरोबर आहे. मी कोळसा खाणीत मोजणीचं काम करत होती. तीस वर्षं. आता नाई करत. आज तारेच दाखवाले आली. पण ज्योतीले हे माहीत नव्हतं. तिले मी सांगितलंच नाई."

मागच्या बाजूला दोन बाप उठले आणि आपापल्या मुलांचे दंड धरून निघाले. ज्योती माझ्याकडे बघत होती. तिला रागवायचं होतं, आणि रागवायलासुद्धा बळ उरलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळच्याच गाडीने उलट फिरले असते तर बरं, असं वाटलं.

मैनीबाईंनी गोंडीत काही म्हटलं आणि ते दोघे बाप थांबले. मग त्या मला म्हणाल्या, "ते तिघं दोन दिवस इथी जेवले, तरी खरं नाई बोलले. तुह्या नळीतून पहाड काय दिसते, ते दाखव मले."

आता नकार देऊन चालणार नव्हतं. खोक्यातून नळी काढून स्टँडवर बसवली आणि पहाडाकडे वळवली. माझ्या दुर्बिणीत सरळ पाहिलं तर सगळं उलटं दिसतं. काटकोनी आरसा लावला की ते वरचं वर येतं, पण तो आरसा मी चंद्रपूरला टेबलावर विसरून आले होते. मैनीबाई वाकल्या, बराच वेळ पाहत राहिल्या, मग मान तिरकी करून पुन्हा पाहिलं.

"झाडं खाली लोंबून राह्यले," त्या म्हणाल्या. "पहाड उलटा हाये."

"ताऱ्यांची दुर्बीण अशीच असते. ताऱ्याले काय उलटं अन् काय सुलटं!"

"ह्याच्यानं मोजनी करशील त पहाड आभाळात जाईन," असं म्हणून त्या हसल्या. त्यांच्यामागे बाकीचेही हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी अट सांगितली ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. नळी चालेल, तीन पाय चालणार नाहीत. ते आमच्या गावच्या मातीत पुन्हा रोवायचे नाहीत. स्टँड त्यांनी उचलला आणि सरळ आपल्या घरात नेऊन ठेवला.

स्टँडशिवाय दुर्बीण म्हणजे दांड्याशिवाय कुऱ्हाड. मी हताश होऊन बसले होते. तेवढ्यात मैनीबाईंची चौथीतली नात सोमी आणि आणखी तिघी घरातून सुंभाची खाट उचलून घेऊन आल्या. खाट मोहाच्या बुंध्याला तिरकी टेकवली आणि नळी तिच्या विणीवर दोरीने बांधली. बघायचं तर खाली चटईवर उताणं पडायचं. आयुष्यभर मी पाणसळ लावून काम केलं. ही मांडणी पाहून माझ्या साहेबांना झीट आली असती.

सूर्य बुडाला. पश्चिमेला पाच दिवसांची चंद्रकोर होती. पहिल्यांदा ती दाखवली. मुलं एकेक करून आडवी झाली. कडेच्या अंधाराशी खड्डे फार उठून दिसतात. मैनीबाईही चटईवर पडल्या.

"इथी कोनं खोदलं?"

"कोणी नाई. वरून मोठमोठे दगड पडले, त्यायचे खड्डे."

"नक्की?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की क्षणभर मलाच खात्री वाटेना.

मग शनी. या वर्षी त्याचं कडं आपल्याला कडेवरून दिसतं, अगदी बारीक रेघ. चित्रातल्यासारखं रुंद नसतं. मुलं खट्टू होतील अशी मला भीती होती. पहिलाच मुलगा ओरडला, "टेंभरात काडी खुपसली!" टेंभर म्हणजे तेंदूचं गोल फळ. इतकं नेमकं वर्णन मी कुठे ऐकलं नव्हतं.

सोमीची पाळी आली. ती पडली, पाहिलं आणि उठून थेट नळीच्या वरच्या तोंडाशी गेली. भिंगापुढच्या पोकळीत बोटं घालून चाचपू लागली.

"काय शोधून राह्यली?"

"आत चिटकवलं असन," ती म्हणाली. "कागद."

ज्योती तिला दटावणार होती. मी थांबवलं. गेली चार वर्षं मी शहरातल्या शाळांतून शनी दाखवते आहे. मुलं "वॉव" म्हणतात, पुढे सरकतात. आत चित्र चिकटवलंय का, असं एकानेही विचारलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की त्या पोरीला कडेवर घ्यावंसं वाटलं.

"बरोबर आहे तुझी शंका," मी म्हटलं. "चिटकवलं असन त काय होईन, अन् नसन त काय होईन, सांग."

तिने विचार केला. मग तिघींना खाटेचे पाय धरायला लावले आणि स्वतः खाली पडली. "सरकवा!" खाट बोटभर सरकली. "गेला," ती म्हणाली. "आता वापस." खाट परत आली, जरा शोधाशोध झाली, मग शनी सापडला. तिने तळहात नळीच्या तोंडावर धरायला लावला, शनी गेला. हात काढला, आला. मग कोणीही न हलवता नुसती पाहत राहिली, आणि मिनिटभराने तो आपोआप कडेला सरकून बाहेर गेला.

"कागद असता त गेला नसता," तिने निकाल दिला. "तो चालते."

"तो थोडा, आपण जास्त," मी म्हटलं. "आपली जमीन फिरून राह्यली."

"हे नाई मानत मी," सोमी म्हणाली. ते सिद्ध करायला मला आणखी एकदा यावं लागणार हे मला तिथेच कळलं. पूर्वेला मृगातले तीन तारे वर आले होते. "तो आमचा नांगर," मैनीबाईंनी मला दाखवला. ते दोघे बापही तोवर चटईच्या रांगेत लागले होते. साडेसातला सगळे जेवायला गेले.

ज्योतीने रात्री माझं अंथरूण घातलं. झोपताना एवढंच म्हणाली, "आधी सांगाले पाहिजे होतं, मॅडम."

"हो," मी म्हटलं. "चुकलं माझं."

पहाटे पाचला मोटारसायकल चालू झाली तेव्हा मैनीबाई कुंपणाशी उभ्या होत्या. हातात स्टँड नव्हता. त्यांनी उत्तरेकडे बोट केलं. सप्तर्षी अगदी वर आले होते.

"ते चार तारे पाह्य. बुढीची खाट. अन् मांगचे तीन, ते चोर. बुढी झोपली का खाट घेऊन पळतीन, म्हनून बुढी झोपत नाई."

मी पाहिलं. ज्या कोपऱ्याला चोर लागलेत, तो खाटेचा पाय बाकीच्यांपेक्षा मंद आहे.

"अन् माझा स्टँड, मैनीबाई?"

"राहू दे इथीच. तुले भरोसा हाये ना आमच्यावर?"

जन्मभर शंका काढणाऱ्या बाईला हा प्रश्न! मी हो म्हटलं, आणि नळी तेवढी घेऊन निघाले.

परतीच्या गाडीत खोका मी न भांडता डिकीत टाकला. चंद्रपूरला आल्यावर गच्चीवर खाट नेली आणि नळी तिला बांधली. शेजारी हसतात. इथल्या आभाळात धूर आणि दिवे इतके, की सप्तर्षींतला तो मंद पाय दिसत नाही. तिन्ही चोर मात्र स्पष्ट दिसतात. त्यातली मी कुठली, हे मैनीबाईंना विचारायचं राहिलं. खरं म्हणजे धीर झाला नाही.

गेल्या आठवड्यात ज्योतीचा फोन आला. शाळा भरते आहे, एक मुलगा कमी नाही. सोमी रोज संध्याकाळी अंगणात एक काठी रोवून एका ताऱ्यावर लक्ष ठेवते आणि जमीन फिरत नाही असं अजूनही म्हणते. स्टँडचं विचारलं, तर ज्योती हसायला लागली. मैनीबाईंनी तो अंगणात उभा केलाय, त्यावर सूप ठेवून मिरच्या वाळवतात.

मी फोन ठेवला आणि गच्चीवर खाटेपाशी गेले. तीस वर्षांत मी जिथे जिथे तीन पाय रोवले, तिथली गावं आता नकाशावर नाहीत. हे एक गाव आहे, मोजणीवाल्यांना सापडू नये म्हणून नाव न लिहिलेलं. माझा स्टँड तिथे उभा आहे, आणि गावही आहे.