रेडिओवरून गेलेला प्रश्न

‘‘टर्न राइट.’’ रेडिओवर समीरचा आवाज आला आणि माझ्या डोक्यावर तरंगणारी लीना लगेच उजवीकडे वळली. उजवीकडे हायटेन्शनची लाइन होती.

मी कामशेतजवळ पॅराग्लायडिंग शिकवतो. माझा जोडीदार समीर टेकडीवरून विद्यार्थ्याला उडवून देतो, मी खालच्या शेतात त्याला उतरवून घेतो. मधल्या हवेत विद्यार्थी एकटा. त्याच्या छातीवर रेडिओ बांधलेला असतो, पण तो फक्त ऐकायला. दोन्ही हातांत ब्रेकच्या दोऱ्या असतात. डावी ओढली की ग्लायडर डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे. हात सोडून बोलायचं नाही, हे आम्ही आधीच पक्कं करून घेतो. आम्ही सांगायचं, त्याने करायचं.

लीना केरळची. तिकडे शाळेत इंग्रजी शिकवायची. मराठीचा गंध नाही, हिंदी जेमतेम. म्हणून तिच्यासाठी रेडिओवर सगळं इंग्रजीत चाललं होतं.

‘‘समीर, व्हाय राइट?’’ मी ओरडलो. चॅनेल एकच. लीनानेही ते ऐकलं. तिला वाटलं, मी तिलाच विचारतोय. उत्तर द्यायची सोय नाही. तिने वाकून माझ्याकडे बघितलं, अंगाचा भार उजवीकडे गेला आणि वळण अजून घट्ट झालं.

तेवढ्यात वरून समीर किंचाळला, ‘‘ओ गॉड! द वायर! द वायर!’’

आता तिने तारांकडे पाहिलं. हवेतलं एक वाईट सत्य आहे. घाबरलेला माणूस ज्याच्याकडे बघत राहतो, त्याच्यावरच जाऊन आदळतो. ती बघतच राहिली. हात दगडासारखे झाले होते. ग्लायडरची सावली खांबावर चढताना मला दिसली.

बांधावर दगडूआबा म्हशी घेऊन उभे होते. शेत त्यांचंच.

‘‘आरं संतोष, पोरगी तारंवर चाललीय! कायतरी बोल की!’’

काय बोलू? ‘तू तारेजवळ आहेस’ असं सांगून काही उपयोग नव्हता, ते तिला दिसत होतं. मी बटण दाबलं. एक श्वास घेतला. मग बोललो.

‘‘लीना. लुक ॲट द टेंपल.’’

डावीकडे देवळाचा पांढरा कळस होता. तिचं हेल्मेट हललं.

‘‘पुल लेफ्ट.’’

काहीच झालं नाही. तारांची गुणगुण मला खालून ऐकू येत होती, की ते माझेच कान होते, कोण जाणे.

‘‘मोर.’’ हे सांगण्यात धोका होता. ब्रेक जास्त ओढला गेला तर ग्लायडर हवेतच मिटतं, आणि एवढ्या खाली ते पुन्हा उघडायला जागा नसते. ‘‘होल्ड. होल्ड.’’

डावं टोक झुकलं. ती तारांना पाठ करून वळली, आबांच्या कापलेल्या भातखाचरात गुडघ्यांवर आपटली आणि तशीच बसून राहिली.

आबा माझ्या आधी पोचले. ‘‘लागलं का गं बाई? पानी पितीस का?’’ तिला एक अक्षर कळलं नाही. तिने त्यांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

समीर बाइकवरून खाली आला तो पांढराफटक. ‘‘दादा, मी टर्न राइट म्हणालोच नाही! तुला विचारत होतो, ‘शी विल टर्न राइट?’ वरून विंडसॉक दिसत नव्हता.’’ विंडसॉक म्हणजे वारा दाखवणारी कापडी नळी. त्याला वाटलं वारा फिरलाय, म्हणून तो उतरायची दिशा विचारत होता.

मला सगळं कळलं. बटण पूर्ण दाबायच्या आत बोललं की रेडिओ पहिले शब्द खातो. ‘शी विल’ गेलं, ‘टर्न राइट’ उरलं.

चहाचा कप दोन्ही हातांनी धरून लीना इंग्रजीत म्हणाली, ‘‘आमची मुलं वाक्याचा प्रकार शेवटच्या चिन्हावरून ओळखतात. प्रश्नचिन्ह असलं की इंटरॉगेटिव्ह, उद्गारचिन्ह असलं की एक्स्क्लमेटरी. ते त्यांना सोपं जातं. वर मला चिन्ह कुठे दिसणार?’’

समीर रेडिओचं बटण पुन्हा पुन्हा दाबून बघत होता.

‘‘आणि इम्परेटिव्ह, म्हणजे आज्ञेचं वाक्य. त्यात ‘यू’ बोलत नाहीत, तो धरून चालायचा असतो. म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं, हे मलाच सांगितलंय.’’

तिने चहा संपवला.

ती पुन्हा एकदा टेकडीवर गेली. हार्नेस चढवला, हेल्मेट घातलं, काठापर्यंत चालली. वारा उत्तम होता. मी खालून रेडिओवर काही विचारलं नाही, सांगितलंही नाही. ती मागे फिरली. ‘‘आय ॲम नॉट फ्लाइंग,’’ समीरला एवढंच म्हणाली आणि संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेली. कोर्स अर्धाच राहिला.

आम्ही चॅनेल दोन केले. विद्यार्थ्याच्या चॅनेलवर आधी त्याचं नाव, मग आज्ञा. तिथे कोणी काही विचारायचं नाही, काही वर्णन करायचं नाही, ओरडायचं तर मुळीच नाही. समीरला काही विचारायचं असेल तर तो आता दुसऱ्या चॅनेलवर ‘प्रश्न’ असा शब्द आधी उच्चारतो. बाहेरचे पायलट हसतात. हसू देत.