काट्यावरचं जादा वजन

मी असलं काय मानणारी न्हाई. आमच्या चाकणात कुणाच्या अंगात आलं की बाया हळदकुंकू घेऊन पळतात, मी आपली चुलीवरची भाकर उलटत बसते. सासूबाई म्हणायच्या, हिला भ्या म्हणून ठावं न्हाई. व्हय, नव्हतंच. आता हाय. तुमच्या मासिकात लोक आपापलं घडलेलं लिहितात, त्ये शेजारणीकडं मी अक्षर लावून लावून वाचते — चौथीपातूर शिकले — म्हणून धीर केला. चुकलं तर सुधरून घ्या.

आमचे मालक ट्रक चालवतात. चाकणच्या बाजारातनं कांदे-बटाटे भरायचे आन् भोसरीवरनं पुण्याला न्यायचे. भोसरीच्या अलीकडं रस्त्याच्या कडंला वजनकाटा हाय. जमिनीत लोखंडी पत्रा, त्यावर अख्खी गाडी चढवायची, आन् बाजूच्या खोपीत कारकून दांडीवरचं वजन सरकवत बसतो. माल जादा भरलाय का, ताडपत्रीखाली भाडं घेऊन माणसं दडवलीत का, त्ये बघायला. रीत अशी की गाडी काट्यावर चढली की सगळ्यांनी खाली उतरायचं. डायवर, क्लीनर, कुणी का असंना.

आमचा किसना तीन वर्साचा. त्येला बापाच्या गाडीबिगर करमायचं न्हाई. पुढच्या शिटावर गोधडीत झोपून जायचा. काट्यावरचे कारकून, सगळे त्येंना भाऊसाहेब म्हणतात, त्ये म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या लेकरू झोपलेलं. तेवढं माफ." आन् दांडी बघून हसायचे — "किसनशेठ वाढले की वो! पुढच्या साली ह्यांची येगळी पावती फाडाया लागंल."

गेल्या थंडीत किसनाला ताप भरला. अंग नुसता तवा. पुण्याच्या दवाखान्यात न्यायचा म्हणून भरल्या गाडीतच बसलो, दुसरं काय मिळणार व्हतं त्या येळी... मी पोटुशी. काट्यावर भाऊसाहेबांनी लेकरू बघितलं आन् आमची गाडी रांगेतनं पुढं घेतली. मी बी उतरले. भाईर वारं बोचत व्हतं म्हणून किसनाला शिटावरच ठेवला. भाऊसाहेब म्हणाले, "तेवढं माफ, वैनी, लगेच सोडतो." लगेच सोडलं बी. मी वर चढले, त्येला मांडीवर घेतला...

किसना गेला व्हता.

कुणाचं चुकलं न्हाई त्यात. कुणाला बोल लावाया न्हाई लिहीत मी.

मंग शेवंता झाली. ती तान्ही असतानाच आमचे मालक घरी आल्यावर गप गप ऱ्हाऊ लागले. ताटावर बसायचे आन् उठायचे.

"अवं, काय झालंय?"

"काटा जास्त दावतोय. चाकणात वजन बरोबर, भोसरीत जास्त. दर खेपंला."

"मंग कांदं वाटंत वाढत्यात व्हय?" मी हसले.

त्ये न्हाई हसले. दुसरे डायवर त्येंना चिडवायचे म्हणं, काय राव, ताडपत्रीखाली कुणाला दडवलीस? ताडपत्री उघडून सगळं बघितलं, तरी काय न्हाई. शेवटी वरच्या साहेबानं दम दिला — पुन्यांदा असं झालं तर लायसन काढून घेईन. लायसन गेलं म्हणजे आमची चूलच गेली.

त्याच आठवड्यात मला माहेरी थेरगावला जायचं व्हतं. शेवंताला घेऊन गाडीत बसले. भर दुपार. ऊन असं की पत्र्याकडं बघवंना. गाडी काट्यावर चढली, आमी सगळे उतरलो. शेवंता बापाकडं. आन् नेमका त्यो साहेब खोपीपुढं खुर्ची टाकून बसलेला.

भाऊसाहेबांनी वजन सरकवलं. दांडी वर. आणिक सरकवलं. वरच.

साहेब म्हणाला, "आत कोण आहे? उतरवा त्याला."

"कुणी न्हाई साहेब," आमचे मालक म्हणाले. "आईच्यान् कुणी न्हाई."

"मग दांडी खोटं बोलते का? उतरवा, नाहीतर आण ते लायसन इकडं."

मी भाऊसाहेबांकडं बघितलं. त्येंच्या तोंडाचं पाणी पळालं व्हतं. दांडीवरचा हात तसाच. हळूच म्हणाले, "वैनी... तेवढंच येतंय. मी माफ करायचो ना, तेवढंच."

मी गाडीत कशी चढले ठावं न्हाई. शिटावर काय नव्हतं, नुसतं ऊन पडलेलं. मी झोपलेल्या किसनाला उचलायची ना — एक हात मानंखाली, एक गुडघ्याखाली — तसंच उचललं. म्हणलं, "चल राजा, उतरायचं." हाताला काय लागलं न्हाई वो. काय म्हणजे काय न्हाई. तरी तसेच हात धरून, पायरीवर पाय चाचपत खाली आले, पत्र्याच्या भाईर येऊन हुबी ऱ्हायले.

दांडी खाली आली. सरळ झाली.

साहेब खुर्चीवरनं उठला. माझ्या रिकाम्या हातांकडं बघत ऱ्हायला. पावती फाडायला नुसती मान हलवली.

मागनं हॉर्न. "ए राव, काट्यावर झोपलास का? घे की फुडं!"

मालकांनी गाडी पुढं घ्यायची म्हणून शेवंताला माझ्याकडं केली. ती भुकेनं किंचाळत व्हती, माझं लुगडं दुधानं भिजलं... आन् मी तिला घेतलं. दोन्ही हातांनी.

घेतल्यावर कळलं मला.

मी रस्त्यावर इकडं बघितलं, तिकडं बघितलं. धूळ, गाड्या. आमचे मालक म्हणाले, "अगं चल, बस." त्येंचे बी डोळे भरलेले. मी बसले. शिटावर मधी जागा ठेवून बसले. पण पुन्यांदा वजन कुठं केलं आमी? त्यो चढला का न्हाई, कसं कळणार?

तवापासनं काटा बरोबर येतो. लायसन वाचलं. सगळे म्हणतात, चला, सुटलात. आमचे मालक घरी आले की मी पयलं इचारते, "आज काटा?" त्ये खाली बघून म्हणतात, "बरोबर." भाऊसाहेबांनी बदली मागून घेतलीया असं ऐकलं.

म्हणजे काय झालं त्ये मला अजून उमगलं न्हाई. काटा बिघडला असंल म्हणा, उन्हानं पत्रा फुगला म्हणा, शिकलेली माणसं काय बी म्हणा, मी ऐकून घेईन. फकस्त एवढंच सांगा कुणीतरी... मी त्येला जिथं उतरवला तिथं दिसभर गाड्या पळतात. तीन वर्साचा हाय. त्येला रस्ता वलांडता येत न्हाई.