नवा पाइप

लग्न होऊन बंगळुरूला गेलेल्या आमच्या मुक्ताने ह्यांच्या वाढदिवसाला ब्रायरच्या लाकडाचा पाइप पाठवला. नवा पाइप एकदम भरून ओढायचा नसतो म्हणे. म्हणून हे रोज संध्याकाळी गॅलरीत बसून त्यात चिमूटभर तंबाखू घालतात आणि अगदी सावकाश ओढतात. निळसर धूर जास्वंदीवरून तरंगत जातो, आणि हातातली मेथीची जुडी विसरून मी त्याच्याकडे बघत राहते. एखादी वस्तू आपली व्हायला किती वेळ घेते, असं काहीतरी मनात येतं आणि धुरासारखंच विरून जातं.

काल मुक्ताचा फोन आला, तो ह्यांनी स्पीकरवर घेतला.

"बाबा, कसा आहे पाइप?"

"अजून जरा कडवट लागतो गं. आतून काजळीचा थर धरला की लाकूड भाजत नाही. मग गोड लागेल."

"किती दिवस लागतात त्याला?"

"महिना, दोन महिने."

ती हळूच म्हणाली, "मला इथे येऊन चार महिने झाले, बाबा."

ह्यांनी पाइप कठड्यावर ठेवून दिला.

"शनिवारी आम्ही दोघं येतोय," एवढंच म्हणाले. काय झालं, हे विचारलंसुद्धा नाही.